काकवी फासलेल्या तोफा

माझं नाव प्लासिदा. नेग्रोस बेटावरच्या आमच्या लागुंदी गावात मला सगळे ओळखायचे ते शिपायांची धुणी धुणारी म्हणून. मनिलाकडे बंड उठलं त्या वर्षी आमच्याकडे एका तेनिएंतेच्या, म्हणजे लेफ्टनंटच्या, हाताखाली स्पेनचे त्रेचाळीस शिपाई आले. चर्चला लागून पाद्रींचा दगडी मठ होता, त्याच्या खालच्या मजल्यावर त्यांनी तळ ठोकला. दर सोमवारी मी कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन नदीवर जायची आणि दर शनिवारी वाळलेले, घडी केलेले कपडे टोपलीतून परत द्यायची. कोणता सदरा कुणाचा हे मला गळपट्टीवरून कळायचं. एकाची घासून झिजलेली, एकाची पिवळी पडलेली, एकाची स्वतःच कसातरी दोरा ओढून शिवलेली.

माझा नवरा तेरियो उसाची गाडी हाकायचा. चांगला माणूस. जेवताना फार बोलायचा आणि म्हैस चालत नसली की तिच्याशीही बोलायचा. दोन वर्षं आमच्या घरात शिपायांचे कपडे आणि तेरियोचे कपडे एकाच दोरीवर वाळत होते. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

मग अठ्ठ्याण्णव सालचा सप्टेंबर आला. मनिला स्पेनच्या हातून गेली होती. समोरच्या पानाय बेटावर लढाई पेटली होती आणि आमच्याकडेही माणसं कोयत्यांना धार लावायला लागली होती. साखर गिरणीत रस आटवणारा सेवेरो म्हणून होता. तीस वर्षांचा, खांदे बैलासारखे, आवाज तर कढईवरून पार शेताच्या बांधापर्यंत जाणारा. त्याने नव्वद माणसं गोळा केली. मठातल्याच शिपायांची एक तुकडी सामान घेऊन नदीच्या उताराने परत येणार होती, तिला तिथेच गाठायचं ठरलं. सेवेरोच्या लोकांकडे कोयते आणि डुकराच्या शिकारीच्या सात बंदुका. शिपाई बावीसच होते, पण त्यांच्या प्रत्येकाच्या खांद्यावर बंदूक होती.

आदल्या दिवशी डोंगरात पाऊस झाला होता. उताराला कमरेएवढं पाणी असतं तिथे गळ्याएवढं होतं. आमची माणसं पाण्यात शिरली आणि मधोमध अडकली. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात सगळं संपलं. एकोणीस जण गेले. तेरियोला दुसऱ्या दिवशी खाली बांबूच्या बेटापाशी काढलं.

आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस प्रार्थना असते. दहाव्या दिवशी कापितान उर्बानोंनी मला बोलावणं धाडलं. ते आमच्या गावचे जुने नगराध्यक्ष. वय साठीच्या पुढे, पायाला संधिवात, त्यामुळे खुर्चीतून उठणं म्हणजे रोजचं युद्ध. पण डोकं शाबूत.

"इंदाय," मुलीला हाक मारतात तशी हाक मारत ते म्हणाले, "तुला एक वाईट काम सांगणार आहे. आधी ऐकून घे, मग शिव्या दे."

"सांगा."

"धुणं सोडू नकोस."

मी उठून उभी राहिले. "कापितान, दहा दिवसही झाले नाहीत तेरियोला पुरून. त्याला मारणाऱ्यांचे सदरे धुऊ?"

"धू. आणि धुताना मोज. आत किती आहेत, किती आजारी आहेत, काय खातात, घाबरलेत का. मठाच्या आत जाणारं गावात दुसरं कुणी नाही."

मी परत खाली बसले. मग विचारलं, "सासूबाईंना सांगू?"

कापितानांनी कपाळाला हात लावला. "तुझ्या सासूला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. हे फक्त तुला, मला आणि सेवेरोला ठाऊक. चौथ्या कानाला कळता कामा नये."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या सासूबाई, नानाय तेक्ला, बाजारात मासे विकायच्या. सकाळी त्यांच्या पाटीजवळ एखादी गोष्ट पोहोचली की दुपारपर्यंत ती गावभर व्हायची.

सोमवारी मी बोचकं उचललं. नानाय दारात उभ्या होत्या.

"कुठे निघालीस?"

"नदीवर."

त्यांनी बोचक्याकडे पाहिलं. पितळी बटणं लोंबत होती. त्या आत वळल्या. संध्याकाळी घरी आले तर माझी चूल वेगळी मांडलेली होती, अंगणात, चिंचेखाली. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. माझ्याबद्दल मात्र सगळ्या बाजाराशी बोलायच्या. "आमच्या सुनेचे हात फार स्वच्छ," म्हणायच्या, "पोराचं रक्तसुद्धा त्याच साबणाने निघालं." बायका नदीवर माझ्यापासून वरच्या बाजूला जाऊन बसायला लागल्या. माझ्या हातचं पाणी त्यांच्या कपड्यांकडे वाहून यायला नको म्हणून.

मी खाली मान घालून धुवायची. आणि मोजायची.

कपडे फार बोलतात. सप्टेंबरात त्रेचाळीस सदरे होते, ऑक्टोबरच्या मध्याला अडतीस झाले. पाच जण तापाने गेले होते, त्यांना मठामागे पुरलेलं मी नंतर पाहिलं. उरलेल्यांपैकी चौदा सदऱ्यांना तो आंबट वास होता, हिवतापाच्या घामाचा. कितीही आपटा, जात नाही. पूर्वी बाह्यांच्या टोकाला दारूगोळ्याची काळी रेघ असायची. नेमबाजीचा सराव झाला की ती दिसायचीच. आता बाह्या स्वच्छ येत होत्या. म्हणजे गोळ्या जपून ठेवत होते. आणि अधिकाऱ्यांच्या मेजावरची चादर! आधी तिच्यावर मटणाच्या चरबीचे आणि लाल दारूचे डाग असायचे, मी लिंबू चोळचोळून थकायची. आता फक्त पेजेचे आणि सुक्या मासळीचे. पानायवरच्या इलोइलो बंदरातून त्यांची बोट दोन महिन्यांत आली नव्हती.

हे सगळं मी दर शनिवारी कापितानांच्या घोट्याला शेक द्यायला जायची तेव्हा सांगायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ऐकून ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "म्हणजे ते धक्क्याची वाट बघताहेत. धक्का जोराचा हवा. पण आपल्याकडे सात बंदुका. इंदाय, उद्यापासून तू गिरणीवर जा. सेवेरोने काहीतरी मांडलंय. मला तर हसू येतंय, पण तू बघ."

गाळप अजून सुरू व्हायचं होतं, गिरणीच्या साठवणीच्या लांबलचक छपरात साखरेचं एक पोतंही नव्हतं. तिथे डोंगराकडच्या मळ्यांवरून आलेली साठेक माणसं मांडी घालून बसली होती. समोर निपा नावाच्या ताडाच्या झावळ्यांचे जाड देठ पडलेले. कोयत्याने ते तासत होते. एकेक देठ हळूहळू बंदुकीसारखा दिसायला लागला होता. तासून झालेल्यांना काजळी फासत होते. एका बाजूला बांबूच्या चटया गुंडाळून, वेताने आवळून, उसाच्या गाड्यांच्या चाकांवर बसवल्या होत्या. चार तोफा.

सेवेरो मला पाहून उठला, पण त्याची नजर माझ्या पायांवरच होती. नदीच्या त्या दिवसानंतर तो माझ्यासमोर आलाच नव्हता.

"मानांग," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "तेरियोचं... मीच त्याला पुढच्या रांगेत..."

"तो तुझ्या सांगण्यावरून कुठेच गेला नसता," मी म्हटलं. "तेरियो माझं ऐकायचा नाही, तुझं काय ऐकणार? तो आपण होऊन गेला. आता वर बघ आणि ते काय केलंयस ते दाखव."

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते. मग त्याने एक देठ माझ्या हातात दिला.

मी तो फिरवून पाहिला. "हे वल्हं आहे."

कुणीतरी हसलं. कोपऱ्यातला एक पिळदार मिशीवाला म्हणाला, "धुणेवाली बंदुका शिकवणार आता! पुढे पाद्री येऊन नांगरणी शिकवेल."

"दोन वर्षं मी त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालते," मी म्हणाले. "माझ्या दोरीखाली रोज सकाळी बंदुका पुसायला बसतात. तू जवळून किती पाहिल्यास?"

"एकच. नदीवर. तिने माझा कान नेला." त्याने केस बाजूला करून दाखवलं. मग सगळेच हसले, तोसुद्धा, आणि सरकून त्याने मला जागा करून दिली.

दस्ता इतका जाड नको, मी सांगितलं, हनुवटीखाली बारीक हवा. पट्टा कुठाय? पट्ट्याशिवाय बंदूक म्हणजे काठी. म्हशीच्या जुन्या वाद्या कापून पट्टे केले. नळी नुसती काळी असून चालत नाही, उन्हात तिच्यावर एक लांब पांढरी रेघ उमटते. त्यासाठी काजळीवर खोबरेल चोळलं. संगिनींना रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापले आणि राख-लिंबू लावून माझ्या हातांनी घासले. ते काम मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण बंदुकांपेक्षा माणसं वाईट होती. कुदळ खांद्यावर टाकावी तशी ती बंदूक टाकायची. मग मी त्यांना उभं केलं. कवायतीचे हुकूम मला पाठ होते. दोन वर्षं रोज सकाळी ऐकत होते. मी हुकूम सोडायची आणि साठ माणसं वळायची. पहिल्या दिवशी अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. चौथ्या दिवशी साठही एका अंगाने. सेवेरो टाळ्या वाजवायला लागला.

"टाळ्या नंतर," मी म्हटलं. "तोफांना काय फासलंयस? एवढ्या चकाकताहेत."

"काजळी चटईवर बसेना. मग गेल्या हंगामाच्या काकवीत कालवली. घट्ट बसली बघ." त्याने अभिमानाने बोट फिरवून चाटलं. "गिरणीत काकवी सोडून दुसरं काय मिळणार?"

"सेवेरो, मुंग्या!"

"असू देत की. तोफेला मुंग्या चावत नाहीत."

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी सूर्य हातभर वर आला तेव्हा नदीपलीकडच्या टेकाडावर आमची फौज उभी राहिली. टेकाड पूर्वेला, म्हणजे मठाच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन. पुढच्या रांगेत साठ जण, त्यातले सात जण खऱ्या बंदुकांचे. मागे उंच ऊस, आणि उसात पाचशेवर माणसं. त्यांच्या बंदुकांची फक्त टोकं पात्यांच्या वर दिसत होती. मळ्यामळ्यांतून आलेले कोयतेवाले, कोळी, गाडीवाले, काही बायासुद्धा. टोकांना खाली देठ आहे, वर पत्रा आहे, हे त्यांनाच माहीत. उसाच्या मागच्या रस्त्यावर दहा म्हशींना फांद्या बांधून फिरवत होते, त्यामुळे धूळ अशी उठली होती की अजून फौज येतेच आहे असं वाटावं. चार तोफा चार उंचवट्यांवर. कापितान उर्बानो खुर्चीत. खुर्ची चौघांच्या खांद्यावर, मांडीवर नगराध्यक्षपदाच्या काळातली तलवार.

त्यांनी तलवार उचलली. सात खऱ्या बंदुका एकदम सुटल्या. त्याच क्षणी तोफांच्या मागे, खड्ड्यात लपवलेल्या बांबूच्या नळ्यांत रॉकेल पेटवलं. नव्या वर्षाला आमच्याकडे पोरं वाजवतात तेच, पण या नळ्या मांडीएवढ्या जाड होत्या. असा आवाज झाला की गावातली सगळी कबुतरं उडाली. मठाच्या खिडक्या धडाधड मिटल्या.

मग शांतता. आणि त्या शांततेत मला शेजारून कुणीतरी दात आवळून कण्हताना ऐकू आलं. पहिल्या तोफेजवळचा मिशीवाला ताठ उभा होता, पण एक पाय दुसऱ्या पायावर घासत होता. मी तोफेकडे पाहिलं. काळ्या तोफेवरून लाल मुंग्यांची रांग चालली होती. तोफेवरून त्याच्या पायावर, पायावरून विजारीत.

"हलू नकोस!" सेवेरो खालच्या आवाजात ओरडला.

"तू ये इथे आणि नको हलूस!" तो म्हणाला.

मी एक फांदी तोडून मुंग्या झटकायला लागले. तेवढ्यात मठाचा दरवाजा उघडला. पांढरा रुमाल घेऊन एक जण बाहेर आला. मी चालीवरून ओळखला. सार्जंट पुएर्तास, पन्नाशीचा, थोडा लंगडा, आमची बोली मोडकीतोडकी बोलणारा. आमच्या बाजूने आधीच ओरडून सांगितलं होतं की बोलणी पुलावर होतील, मधोमध. तो पुलाच्या मधोमध आला. थांबला. तोफांकडे टक लावून पाहिलं. आणि पुढे चालायला लागला.

"अरे, हा येतोय की," कापितान पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला. "तोफा बघायला येतोय."

सेवेरोचा हात कोयत्याकडे गेला. "आडवा करतो."

"पांढरा रुमाल घेतलेल्याला? मग आतले शेवटच्या गोळीपर्यंत लढतील, आणि लढले तर आपण देठ घेऊन काय करणार?"

त्या दिवशी शनिवार होता. शनिवार म्हणून मी सवयीने कपडे घडी करून आणले होते. टोपली झाडाखाली होती. मला विचार करायला वेळ मिळाला असं म्हणणार नाही. मी टोपली डोक्यावर घेतली आणि उतरून चालायला लागले.

पुलापलीकडे बाजाराच्या भिंतीआड गावातले लोक दबून बसले होते. मला टोपली घेऊन शिपायाकडे जाताना त्यांनी पाहिलं. आणि एक आवाज सगळ्यांच्या वर आला, माशांच्या बाजारात कमावलेला: "बघा! अजून त्यांची धुणीच पोचवतेय! तोफा लागल्या तरी हिची धुणी चुकत नाहीत!"

माझ्या सासूबाईच. मी ऐकलं आणि चालत राहिले.

पुलाच्या आमच्या टोकाला मी सार्जंटच्या समोर आडवी उभी राहिले.

"बाजूला हो, प्लासिदा."

"कपडे आणलेत, सेन्योर."

"कपडे? आज?" त्याला हसावं की रडावं कळेना. "मला तोफा बघायच्यात. तेनिएंतेचा हुकूम आहे."

"इथून दिसतात की. पुढे जाऊ नका. पुढच्या रांगेत ज्यांचे भाऊ नदीवर गेले ते उभे आहेत. त्यांच्यापैकी एकाने जरी धीर सोडला तर रुमालाकडे कुणी बघणार नाही."

हे खरंच होतं. त्याने माझ्या खांद्यावरून टेकाडाकडे पाहिलं.

"ती तोफेजवळची माणसं अशी चुळबुळ का करताहेत?"

"त्यांना आता राहवत नाही, सेन्योर," मी म्हणाले. हेही खोटं नव्हतं.

"किती आहेत?"

"सहाशे माणसं तरी आहेत. मागून येताहेत ती मी मोजली नाहीत."

त्याने रुमाल दुसऱ्या हातात घेतला. मग एकदम म्हणाला, "तुझा नवरा नदीवर गेला. ते आम्हाला माहीत होतं. तू तरीही येत राहिलीस. मी तेनिएंतेला म्हणायचो, ही बाई एक दिवस आपल्या पेजेत विष घालणार. मग आज मला का थांबवतेस? जाऊ द्यायचं होतंस. मारलं असतं त्यांनी."

माझे हात टोपलीवर होते. सगळ्यात वर त्याचाच सदरा होता, कोपरावर ठिगळ लावलेला. ठिगळ मीच लावलेलं.

"तुमच्यातले चौदा जण तापाने पडलेत," मी म्हणाले. "दोन महिने तुम्ही पेज पिताय. बोट येत नाही. मी तुमच्या अडतीस जणांचे घाम ओळखते, सेन्योर. मला तुम्हाला मारायचं असतं तर फार सोपं होतं. मला तुम्ही इथून जायला हवे आहात. एवढंच. जिवंत जा, पण जा. हे गाव आमचं आहे."

माझ्या हातावर पाण्याचा थेंब पडला. मला वाटलं माझेच डोळे. मग दुसरा पडला. मी वर पाहिलं. डोंगराकडून एक काळा ढग नदीच्या रेषेने सरकत येत होता. काकवी पाण्यात विरघळते.

सार्जंटनेही आभाळाकडे पाहिलं. "कपडे भिजतील," तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यावरची टोपली स्वतःच्या हातात घेऊन मागे वळला. लंगडत, न थांबता, मठापर्यंत गेला.

त्यानंतरचा वेळ किती होता मला सांगता येणार नाही. सेवेरो म्हणतो, एक कढई आटायला लागतो त्याच्या निम्मा. ढग पुढे येत होता. वाऱ्याने उसाची पाती वळत होती. तोफेजवळचा मिशीवाला आता उघड उघड रडत होता, पण जागचा हलला नाही. कापितान डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, ती प्रार्थना होती की शिव्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि बुरुजावरून पांढरी चादर खाली सुटली. पूर्ण पलंगाएवढी.

आधी कुणालाच खरं वाटेना. मग उसातून जो आरडाओरडा उठला तो! पाचशे माणसं एकदम ओरडली आणि तसं ओरडणं लागुंदीने आधी कधी ऐकलं नव्हतं. कापितानांनी तलवार उंच धरून सगळ्यांना जागेवर उभं केलं. "कुणी धावायचं नाही! रांगेत! रांगेतच!" आमचे साठ जण टेकाड उतरले. पावलं एका तालात. मी शिकवलेल्या तालात. पूल ओलांडला आणि मैदानात दोन रांगा करून उभे राहिले, खरे सात पुढे ठेवून.

मठातून अडतीस जण बाहेर आले. काहींना दोघांनी धरलं होतं. तेनिएंते कारास्कोही खुर्चीतून आला, ताप इतका की ओठ फुटले होते. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. एकीत संधिवात, एकीत हिवताप. तेनिएंतेने तलवार काढून कापितानांच्या हातात दिली. कापितान म्हणाले, "तुमच्या माणसांच्या केसाला धक्का लागणार नाही. आजाऱ्यांना आज भात आणि सूप मिळेल, परवा तुमची रवानगी होडीने इलोइलोला. माझा शब्द." शिपायांनी एकेक करून बंदुका मैदानाच्या मध्यावर ठेवल्या. अडतीस. मागे गर्दीतून एक जण कोयता घेऊन पुढे धावला, नदीवर त्याचा मुलगा गेला होता. सेवेरोने त्याला मध्येच कवेत घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं, तो शांत होईपर्यंत. "माझंही देणं आहे नदीचं," सेवेरो त्याला म्हणत होता, "असं नाही फेडायचं, मानोंग, दादा, असं नाही."

शेवटची बंदूक ठेवली आणि पाऊस कोसळला.

टेकाडावरच्या तोफा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गळायला लागल्या. काळे ओघळ खाली, आतली पिवळीधम्मक चटई वर. पुढच्या रांगेतल्या माणसांच्या खांद्यांवरून काजळी वाहत होती, आणि त्यांच्या हातात निपाचे ओले हिरवे देठ उरले होते. गावातले लोक आधी गप्प राहिले, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. मग एक बाई खुदकन हसली, आणि मग सगळं मैदान हसायला लागलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून, पोट धरून, पावसात बसून हसत होती.

तेनिएंतेने एक देठ मागून घेतला. हातात धरून पट्टा पाहिला, पत्र्याची संगीन पाहिली. सार्जंट पुएर्तासने माझ्याकडे वळून विचारलं, "सहाशे?"

"सहाशे माणसं होती, सेन्योर. मोजून घ्या. बंदुकांचं तुम्ही विचारलंच नाही."

मग त्याने टोपी काढली, पावसात. तेनिएंतेने विचारलं, "पट्टा इथे बरोबर लावायचा, हे कुणी सांगितलं?" आणि कापितान उर्बानोंनी, ज्यांना खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची, दोन्ही हातांनी खुर्ची दाबली आणि एकटे उठून उभे राहिले.

"ऐका!" ते गावाकडे वळून म्हणाले. "मठात किती माणसं, किती आजारी, किती उपाशी, हे मला दर आठवड्याला या बाईने सांगितलं. नवऱ्याला पुरून दहाव्या दिवशी मी तिला त्यांची धुणी धुवायला पाठवलं. तुम्ही तिला जे बोललात ते मीही ऐकलं आणि तोंड मिटून बसलो. दोष माझा. आज ही फौज हिने उभी केली. कवायत हिची, हत्यारं हिची. आणि पुलावर गेली ती एकटी."

या वेळी कुणी हसलं नाही. नदीवर माझ्या वरच्या अंगाला जाऊन बसणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी गर्दीत फक्त एकीला शोधत होते.

नानाय तेक्ला माशांची पाटी तशीच कडेवर धरून पुढे आल्या. भिजून चिंब. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुपारपर्यंत बाजारात सांगितलं असतंत, नानाय."

त्यांनी पाटी खाली ठेवली. "सकाळीच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. मी त्यांना धरलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी तेरियोसाठी एकत्र रडलो, भर मैदानात, सगळ्या गावासमोर, आणि भोवती घंटा वाजत होती, निशाण चढत होतं, बँडवाले भिजलेल्या पिपाण्यांतून काय येईल ते वाजवत होते.

त्या दुपारी गावात सात डुकरं भाजली. शिपायांनाही पान वाढलं. मिशीवाल्याच्या पायांना मी खोबरेल चोळलं आणि तो ज्याला त्याला पाय दाखवत, "हे माझे युद्धातले घाव," असं सांगत फिरला. सेवेरोने अडतीस खऱ्या बंदुका साठ जणांत वाटायला घेतल्या तेव्हा त्यांच्यात मारामारी व्हायची वेळ आली.

दोन दिवसांनी घोडेस्वार आला. बेटावरची गावामागून गावं उठली होती, बेटाच्या राजधानीतही स्पेनचं निशाण उतरलं होतं. पुढे दुसरे गोरे, अमेरिकन, आले, ती गोष्ट निराळी आहे आणि आज मला ती सांगायची नाही. त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो. लागुंदीची तुकडी राजधानीकडे निघाली. सेवेरो म्हणाला, "मानांग, हुकूम कोण देणार? माझ्या आवाजावर ही पुन्हा अर्धी डावीकडे वळतील." म्हणून मी तुकडीच्या कडेने चालत निघाले, आणि माझ्या शेजारी नानाय. चार दिवसांची वाट, त्यांचे गुडघे दुखताहेत, पण ऐकतील तर ना. वाटेवरच्या प्रत्येक गावात लोक फुलं आणि नारळपाणी घेऊन उभे होते, आणि प्रत्येक गावात, कुणी विचारायच्या आधीच, माझ्या सासूबाई बाजारातल्या आवाजात ओरडून सांगत होत्या:

"ही माझी सून! बघून घ्या नीट! ही माझी सून!"